ग्रामीण अमेरिकेत अटकेची आणि तुरुंगाची नोंद कशी शोधावी

अमेरिकेत कोणाला अटक झाली, कोणत्या आरोपाखाली झाली आणि त्याला कुठे ठेवले आहे, ही माहिती बहुतेक राज्यांत सार्वजनिक मानली जाते. सरकारने माणसाला गुपचूप उचलून नेऊ नये, त्याच्या घरच्यांना आणि गावाला ते कळलेच पाहिजे, हा त्यामागचा जुना आणि रास्त विचार आहे. मात्र माहिती सार्वजनिक असणे वेगळे आणि ती हाती लागणे वेगळे, याचा अनुभव ग्रामीण काउंटीत, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागात, फार लवकर येतो. मोठ्या शहरात तुरुंगातील माणसांची यादी संगणकावर तासातासाला बदलत असते. लहान काउंटीत तीच माहिती एखाद्या कारकुनाच्या टेबलावर, तुरुंगातल्या दूरध्वनीपाशी आणि स्थानिक न्यायाधीशाच्या कागदांत विखुरलेली असते. आपली मुले तिथे शिकायला आणि नोकरीला आहेत, ती सुटीत गाडी काढून दूरवर जातात, म्हणून ही व्यवस्था मराठी घरांनीही समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

नियम राज्याराज्यांत बदलत असल्यामुळे एकच ठिकाण धरून बोलणे बरे. टेक्सासच्या पश्चिम टोकाला हडस्पेथ काउंटी आहे. क्षेत्रफळाने ती आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या जवळजवळ दीडपट भरते, परंतु 2020 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या अवघी 3,202 होती. मुख्य ठिकाण सिएरा ब्लँका हे छोटे गाव. कच्च्या विटांनी बांधलेले तिथले न्यायालय अजून वापरात आहे. या ओसाड मुलखातून इंटरस्टेट 10 हा महामार्ग जातो आणि गावाजवळ सीमा गस्ती दलाचा तपासणी नाका आहे. काउंटीत राहणाऱ्यांपेक्षा तिच्यातून जाणारे कितीतरी अधिक, त्यामुळे इथे अटक होणारा माणूस पुष्कळदा परगावचा असतो आणि त्याला शोधणारे नातेवाईक शेकडो मैल दूर असतात. 2010 साली प्रसिद्ध गायक विली नेल्सन यांची बस याच नाक्यावर थांबवली गेली, गांजा सापडला, त्यांना काउंटीच्या तुरुंगात नेऊन नोंद झाली आणि 2,500 डॉलरच्या जामिनावर ते सुटले.

या एका घटनेतच शोधाचे पहिले सूत्र आहे. अटक करणारे, कोठडीत ठेवणारे आणि खटला चालवणारे हे तीन वेगवेगळे हात असतात. नाक्यावरचे अधिकारी संघीय सरकारचे, तुरुंग काउंटीचा, खटला राज्याच्या कायद्याखाली. महामार्गावर अटक बहुधा राज्याचे पोलीस करतात, गावात शहराचे पोलीस करतात, पण लहान भागात दोघेही माणसाला आणून सोडतात ते काउंटीच्या तुरुंगातच. म्हणून आपल्या माणसाला कोणी पकडले हे ठाऊक नसले तरी चालते. तो कोणत्या काउंटीच्या हद्दीत पकडला गेला, हे मात्र ठाऊक असावे लागते. त्याने शेवटचा संदेश कुठून पाठवला, पेट्रोल कुठे भरले, कार्डाचा शेवटचा व्यवहार कुठे झाला, यावरून महामार्गाचा टप्पा काढावा आणि नकाशावर तो टप्पा कोणत्या काउंटीत येतो ते पाहावे. काही लहान काउंट्यांना स्वतःचा तुरुंगच नसतो आणि त्या शेजारच्या काउंटीला पैसे देऊन आपले कैदी तिथे ठेवतात, त्यामुळे अलीकडच्या आणि पलीकडच्या काउंटीचीही चौकशी करणे श्रेयस्कर.

काउंटीचा तुरुंग शेरीफच्या अखत्यारीत असतो. आपल्याकडे मुंबईचे नगरपाल, म्हणजे शेरीफ, हे केवळ मानाचे पद आहे. टेक्सासमधला शेरीफ मात्र दर चार वर्षांनी लोकांनी निवडून दिलेला, पोलीस आणि तुरुंग दोन्ही सांभाळणारा अधिकारी असतो. अटक झालेला माणूस तुरुंगात आला की त्याची नोंदणी होते, तिला तिथे बुकिंग म्हणतात. नाव, जन्मतारीख आणि पत्ता लिहिला जातो, छायाचित्र व बोटांचे ठसे घेतले जातात, खिशातल्या वस्तू पावती करून जमा होतात, प्रकृतीविषयी आणि मनःस्थितीविषयी प्रश्न विचारले जातात, आरोप नोंदवला जातो आणि त्याला एक क्रमांक मिळतो. हे सगळे होईपर्यंत यादीत नाव उमटत नाही. रात्री तुरुंगावर माणसे कमी असली किंवा एकदम अनेक जणांना आणले असेल, तर यात कित्येक तास जातात. पहिल्या दोन-तीन तासांत नाव सापडले नाही म्हणून तो तिथे नाहीच, असा निष्कर्ष काढू नये.

यादी संकेतस्थळावर असेल तर काम सोपे असते, परंतु अनेक ग्रामीण शेरीफ ती ठेवत नाहीत, किंवा आठवड्यातून एकदा फेसबुकवर टाकतात. अशा ठिकाणी सरळ तुरुंगात फोन करणे हाच मार्ग आहे, आणि तो रात्रीही खुला असतो, कारण कैदी आहेत तोवर तिथे पहारा असतोच. ‘अमुक नावाचा, अमुक जन्मतारखेचा माणूस आपल्या ताब्यात आहे का, त्याच्यावर आरोप कोणता, जामीन ठरला आहे का, आणि दुसऱ्या कोणत्या यंत्रणेने त्याच्यावर होल्ड, म्हणजे त्याला न सोडण्याची विनंती, लावला आहे का’ एवढे चार प्रश्न शांतपणे विचारावेत. कार्यालयीन कामासाठी भारतातून फोन करणाऱ्यांनी घड्याळाचाही हिशेब ठेवावा. टेक्सासचा बहुतेक भाग मध्य प्रमाणवेळेवर चालतो, पण हडस्पेथ आणि शेजारची एल पासो काउंटी पर्वतीय प्रमाणवेळेवर. उन्हाळ्यात तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात आणि हिवाळ्यात साडेआठ.

शोध फसण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे आपली नावे, आणि या बाबतीत मराठी कुटुंबांना विशेष काळजी घ्यावी लागते. तिथली यादी आडनावाने लावलेली असते. आपल्या पासपोर्टवर मुलाचे नाव आणि वडिलांचे नाव एकाच रकान्यात लागून येते, त्यामुळे कारकून कधी वडिलांचे नाव मधले नाव म्हणून लिहितो, कधी दोन्ही शब्द जोडून एकच करतो, तर कधी वडिलांच्या नावालाच आडनाव समजतो. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असतो, त्यांच्या अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिले नाव अज्ञात) ही अक्षरे छापलेली असतात आणि सगळे नाव आडनावात जाते. मग तुरुंगाच्या यादीतही ती व्यक्ती तशीच चढते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीच्या पासपोर्टवर माहेरचे आडनाव असेल तर यादीत तेच सापडेल. साळुंखे, वाघ, क्षीरसागर अशी आडनावे रोमन लिपीत अनेक तऱ्हांनी लिहिली जातात. यासाठी पासपोर्ट किंवा वाहन परवान्यावरचे अचूक वर्ण समोर ठेवावेत, संगणकावर आडनावाची पहिली तीन-चार अक्षरेच टाकून शोधावे, आणि नंतर वडिलांच्या नावाने व पहिल्या नावानेही पाहावे. जन्मतारीख सांगताना महिना आधी आणि दिवस नंतर येतो. 5 नोव्हेंबरला जन्मलेला मुलगा चुकून 11 मेचा ठरला तर कारकून ‘असा कोणी नाही’ असे सांगून फोन ठेवील.

नोंद सापडली की ती वाचता आली पाहिजे. आरोप तुटक, संक्षिप्त अक्षरांत लिहिलेले असतात. ‘डीडब्ल्यूआय’ म्हणजे नशेत गाडी चालवणे. ‘एमबी’ आणि ‘एमए’ हे मिसडिमीनर या हलक्या गुन्ह्यांचे ब आणि अ वर्ग. ‘एफटीए’ म्हणजे ठरलेल्या तारखेला न्यायालयात हजर न राहणे. ‘पीओएसएस सीएस पीजी 2’ आणि पुढे एक ग्रॅमपेक्षा कमी असे दिसले, तर दुसऱ्या गटातील अमली पदार्थ जवळ बाळगल्याचा आरोप आहे असे समजावे. या शेवटच्या नोंदीपाशी थोडे थांबायला हवे. शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात एप्रिल 2022 पासून गांजा आणि त्याच्या अर्काची व्हेप, म्हणजे वाफ ओढण्याची नळी, उघडपणे दुकानात मिळते. तिथे रीतसर पावती घेऊन विकत घेतलेली व्हेपची नळी खिशात ठेवून कोणी टेक्सासमध्ये शिरला, तर तिच्यातील गांजाचा अर्क दुसऱ्या गटात मोडतो आणि एक ग्रॅमपेक्षा कमी असला तरी ‘स्टेट जेल फेलनी’ हा गंभीर गुन्हा लागतो, ज्याला 180 दिवसांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पावती तिथे काहीही वाचवत नाही. नोंदीत ‘स्टेट जेल’ असे शब्द आहेत म्हणून माणूस राज्याच्या तुरुंगात हलवला आहे असे मात्र नव्हे. ते गुन्ह्याच्या वर्गाचे नाव आहे आणि खटला संपेपर्यंत तो काउंटीच्याच कोठडीत असतो.

अटक हे शिक्षेचे लक्षण नव्हे, हे तर वारंवार सांगावे लागते. टेक्सासमधील लागो विस्टा या गावात सीटबेल्ट न लावल्याबद्दल एका आईला अटक झाली होती. त्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा होती, तरीही अशी अटक घटनाबाह्य नाही असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली दिला. नुसत्या वेगमर्यादेच्या उल्लंघनासाठी मात्र, चालकाने हजर राहण्याच्या लेखी हमीवर सही केली तर, टेक्सासचा कायदा अटक न करता नोटीस देऊन सोडायला सांगतो.

अटकेनंतर 48 तासांच्या आत आरोपीला मॅजिस्ट्रेटसमोर उभे करावे लागते. ग्रामीण भागात हे काम बहुधा जस्टिस ऑफ द पीस हे स्थानिक कनिष्ठ न्यायाधीश करतात. ते निवडून आलेले असतात आणि वकील असलेच पाहिजेत असे बंधन त्यांच्यावर नाही. सुनावणी दृक्-श्राव्य माध्यमातूनही होते. आरोप सांगणे, वकिलाचा हक्क समजावणे आणि जामिनाची रक्कम ठरवणे ही कामे तिथे उरकतात, म्हणून यादीत जामिनाचा रकाना आधी रिकामा असतो आणि दुसऱ्या दिवशी भरलेला दिसतो. रक्कम पूर्ण रोख भरता येते, जामीनदार व्यावसायिकाला साधारण दहा टक्के शुल्क देऊन त्याच्यामार्फत भरता येते, किंवा न्यायाधीशाने मान्य केल्यास जातमुचलक्यावर सुटका होते. व्यावसायिकाला दिलेले शुल्क परत मिळत नाही.

माणूस शोधून जामीन भरण्याची घाई कशासाठी, हे वॉलर काउंटीतल्या घटनेवरून कळते. ह्यूस्टनजवळच्या या काउंटीत 10 जुलै 2015 रोजी सॅन्ड्रा ब्लँड या 28 वर्षांच्या तरुणीची गाडी मार्गिका बदलताना इशारा न दिल्याबद्दल थांबवली गेली आणि बाचाबाचीनंतर तिला अटक झाली. जामीन 5,000 डॉलरचा होता, सुटकेसाठी सुमारे 500 डॉलर पुरे होते. 13 जुलैला सकाळी ती कोठडीत मृत आढळली. वैद्यकीय तपासणीने आत्महत्या ठरवली. त्यानंतर कैद्याला आत घेताना विचारायच्या प्रश्नांचा नमुना राज्याने बदलला आणि 2017 मध्ये तिच्या नावाचा कायदा झाला. परक्या मुलखात कोठडीत पडलेल्या माणसाला बाहेर कोणीतरी आपल्याला शोधत आहे एवढे कळणेही मोठा आधार असतो. मनःस्थिती नाजूक असेल किंवा नेहमीचे औषध चालू असेल, तर पहिल्याच फोनमध्ये ते तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना सांगावे. तुरुंगातून येणारा फोन ध्वनिमुद्रित होतो. त्यावर प्रकृतीची विचारपूस करावी, घटनेची चर्चा वकिलासाठी राखून ठेवावी.

फोनवर किंवा यादीत काहीच मिळाले नाही, तर लेखी अर्जाचा मार्ग आहे. टेक्सासचा माहिती कायदा शार्पस्टाउन या राज्यातल्या राजकीय लाचखोरीच्या घोटाळ्यानंतर 1973 साली आला. लोकांनी काय जाणून घ्यावे हे ठरवण्याचा हक्क लोकांनी आपल्या सेवकांना दिलेला नाही, अशी भूमिका तो सुरुवातीलाच मांडतो. तपास चालू असला तरी अटक झालेल्या व्यक्तीची मूलभूत माहिती, म्हणजे नाव, वय, अटकेची वेळ व ठिकाण, आरोप, अटक करणारा अधिकारी आणि जामिनाची रक्कम, रोखून धरता येत नाही. अर्ज ईमेलने करता येतो आणि माहिती कशासाठी हवी असे अधिकारी विचारू शकत नाही. माहिती नाकारायची असेल तर त्याला कामकाजाच्या दहा दिवसांत राज्याच्या महान्यायवादीकडे परवानगी मागावी लागते. माणूस आज कुठे आहे हे शोधण्यासाठी हा मार्ग फार संथ आहे. जुनी नोंद मिळवण्यासाठी तो उत्तम. न्यायालये मात्र या कायद्याखाली येत नाहीत, खटल्याचे कागद त्यांच्या लिपिकाकडेच मागावे लागतात. हलक्या गुन्ह्यांची प्रकरणे काउंटी क्लार्ककडे, गंभीर गुन्ह्यांची डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे आणि केवळ दंडाची प्रकरणे जस्टिस ऑफ द पीसच्या किंवा नगर न्यायालयाच्या दफ्तरात असतात. 8,000 पेक्षा कमी वस्तीच्या काउंटीत पहिली दोन्ही पदे सहसा एकाच व्यक्तीकडे असतात, त्यामुळे लहान जागेत हे काम उलट सोपे होते.

इतर राज्यांचे नियम याहून वेगळे असू शकतात. न्यूयॉर्कने 2019 साली अटकेची छायाचित्रे आणि नोंदी सरसकट देण्यावर मर्यादा घातली, तर यूटामध्ये 2021 पासून दोष सिद्ध होईपर्यंत छायाचित्र साधारणपणे दिले जात नाही. अल्पवयीनांच्या नोंदी बहुधा गोपनीय असतात. टेक्सासमध्ये सतरा वर्षे पूर्ण झालेला तरुण मात्र या बाबतीत प्रौढ धरला जातो, आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलांच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

काउंटीत नावच नसेल, तर माणूस संघीय सरकारच्या ताब्यात असण्याची शक्यता धरावी. स्थलांतर खात्याने कोणाला काउंटीच्या तुरुंगात ठेवले असले तरी त्याची माहिती स्थानिक अधिकाऱ्यांनी द्यायची नाही, असा संघीय नियम 2002 पासून आहे. त्या खात्याचे स्वतंत्र शोध संकेतस्थळ आहे. तिथे ए-क्रमांक (स्थलांतर खात्याने परदेशी व्यक्तीला दिलेला क्रमांक) आणि जन्माचा देश, किंवा हुबेहूब नाव आणि जन्माचा देश द्यावा लागतो, आणि इथे अर्धे आडनाव टाकून भागत नाही. संघीय गुन्ह्याचा आरोप असेल तर कैदी यूएस मार्शल या संघीय दलाच्या ताब्यात असतो व खटल्याचे कागद पेसर या संकेतस्थळावर पानाला दहा सेंट दराने मिळतात. भारतीय वाणिज्य दूतावासाला अटकेची खबर आपोआप जाते अशी अनेकांची समजूत आहे. 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या 36 व्या कलमाप्रमाणे परदेशी नागरिकाला तो हक्क विलंब न लावता सांगावा लागतो. काही देशांच्या बाबतीत अमेरिकेवर स्वतःहून कळवण्याचे बंधन आहे, पण भारत त्या यादीत नाही. कैद्याने मागणी केली तरच दूतावासाला कळवतात, म्हणून कुटुंबाने स्वतः कळवावे. टेक्साससाठी ते कार्यालय ह्यूस्टनला आहे.

याच सार्वजनिक यादीवर ठगांचीही नजर असते. नाव आणि आरोप वाचून ते घरच्यांना फोन करतात, आपण शेरीफच्या कार्यालयातून बोलत आहोत असे भासवतात आणि गिफ्ट कार्ड किंवा ॲपवरून जामिनाचे पैसे मागतात. अशी मागणी आली की फोन ठेवावा आणि तुरुंगाच्या अधिकृत क्रमांकावर आपण होऊन विचारावे. अटकेची छायाचित्रे गोळा करून ती काढण्यासाठी पैसे उकळणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर टेक्सासने 2013 साली निर्बंध घातले. चुकीची किंवा अपुरी माहिती त्यांना शुल्क न घेता दुरुस्त करावी लागते. नोकरीपूर्व तपासणी करणाऱ्या संस्थांना सर्वसाधारणपणे सात वर्षांपूर्वीची, दोषसिद्धीपर्यंत न गेलेली अटक अहवालात देता येत नाही. लग्न जुळवताना किंवा भाडेकरू ठेवताना कोणाचे नाव तिथल्या याद्यांत शोधणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी तुरुंगाच्या नोंदीवर न थांबता लिपिकाकडून प्रकरणाचा निकाल मिळवावा, कारण आरोप मागे घेतला गेल्याची गोष्ट तुरुंगाच्या जुन्या यादीत पुष्कळदा येतच नाही.

प्रकरण निकाली निघाले, आरोप रद्द झाला किंवा निर्दोष सुटका झाली, तर टेक्सासमध्ये नोंद पुसून टाकण्याचा अर्ज करता येतो. मात्र व्हिसाच्या अर्जात आणि स्थलांतर खात्याच्या नमुन्यांत कधीही अटक झाली आहे का असा प्रश्न असतो, आणि पुसलेली अटकही तिथे सांगावी लागते. नशेत गाडी चालवल्याबद्दल केवळ अटक झाली, शिक्षा झाली नाही, तरीही परराष्ट्र खाते व्हिसा रद्द करू शकते. तेव्हा नोंद पुसण्याचा अर्ज देण्यापूर्वी लिपिकाकडून निकालाच्या शिक्का मारलेल्या प्रमाणित प्रती दोन-तीन तरी काढून घ्याव्यात, स्थलांतर कायदा जाणणाऱ्या वकिलाला त्या दाखवाव्यात आणि एक प्रत भारतातल्या घरीही ठेवावी. दफ्तरातला कागद एकदा नष्ट झाला की पुढे कोणत्याही कार्यालयाला त्याची प्रत देता येत नाही.